तोंड तिकडे

फ्लिसिंगन, २ फेब्रुवारी

नेल,

हे पत्र तू फाडणार हे मला माहीत आहे. फाड, पण आधी वाच.

स्मशानात सगळ्यांसमोर तू मला जे बोललीस त्याचं उत्तर मी तिथे दिलं नाही, कारण मध्ये क्राइनची शवपेटी होती. आता देतो. मी तुझ्या पोराला मारलेलं नाही. तो माझा भाचा होता, अकरा वर्षं माझ्या हाताखाली तयार झालेला, चोवीस वर्षांचा तगडा गडी. त्या गुरुवारी सरावात मी त्याच्या छातीवर समोरून एक लाथ मारली. नियमात बसणारी, स्वच्छ लाथ. आमच्या कराटेत चिलखत नसतं, हातमोजे नसतात, छातीवर मारायचंच असतं. गेली तीस वर्षं मी मारतोय आणि खातोय. माझ्या चार बरगड्या मोडून जुळल्यात, त्यातली एक क्राइननेच मोडली होती, आणि त्या दिवशी मी त्याला बिअर पाजली होती.

डॉक्टर काय म्हणाले ते तूही ऐकलंस. दोन ठोक्यांच्या मधल्या नेमक्या क्षणी मार बसला तर निरोगी हृदयसुद्धा थांबतं. लाखात एखाद्याचं. पोलिसांनीही अपघात म्हणूनच लिहून घेतलं. तू रुग्णवाहिकेवर वीस वर्षं काढलेली नर्स, तुला हे मी काय सांगायचं? मी लगेच त्याच्यापाशी गेलो. जे करण्यासारखं होतं ते सगळं केलं.

आणि इस्पितळाच्या व्हरांड्यात तू विचारलंस, शेवटी काही बोलला का रे. मी नाही म्हटलं. आताही नाहीच म्हणतो. काही बोलला नाही.

लीवन


फ्लिसिंगन, १९ फेब्रुवारी

नेल,

पत्र न फोडता परत पाठवलंस. पाकिटावर तुझ्या अक्षरात 'परत' एवढंच. बंदरावरून समोर तुझं ब्रेस्केन्स दिसतं, फेरीबोट वीस-पंचवीस मिनिटांत पोचते, आणि माझं पत्र जाऊन परत यायला दोन आठवडे लागले. ते पत्रही यासोबत घालून पुन्हा लिहितोय. हेही परत आलं तर आणखी लिहीन. माझी चिकाटी तुला माहीत आहे.

तालीम बंद आहे. परवा मारिनुस आला होता, माझा सगळ्यात जुना चेला. दारात उभा राहून म्हणाला, "सेन्सेई, मनाला लावून घेऊ नका. तुमची काही चूक नव्हती." मी त्याच्या नाकावर ठोसा मारला. हाड मोडल्याचा आवाज आला. तो खाली बसला, हातातून रक्त पायरीवर गळत होतं, आणि वर बघून म्हणतो काय, "बरं वाटलं का?" मला त्याला आणखी मारावंसं वाटलं. मग मी आतून टॉवेल आणून दिला.

मारलं का, तर तो खोटं बोलत होता. तो तिथे होता, त्याने सगळं पाहिलंय. म्हणजे पाहिलंच नाही, तेच तर झालं.

मागच्या पत्रात मी लिहिलं की लगेच त्याच्यापाशी गेलो. गेलो नाही.

तू आमच्या तालमीत कधी पाऊल टाकलं नाहीस, म्हणून सांगतो. आमच्यात एक रीत आहे. लढताना एक जण पडला आणि उठला नाही, की दुसऱ्याने त्याच्याकडे पाठ करून, गुडघे मोडून, भिंतीकडे तोंड करून बसायचं. बाकीचे बघत असतील त्यांनीही वळायचं. पडलेल्या माणसाकडे टक लावून बघायचं नाही, त्याची लाज राखायची. सेन्सेई, म्हणजे शिकवणारा, जाऊन त्याला उठवतो. तो उठला की सेन्सेई टाळी वाजवतो, मग सगळे वळतात. फार चांगली रीत आहे असं मी शेकडो पोरांना सांगत आलो.

क्राइन पडला तेव्हा मी पाठ करून बसलो. माझ्यामागे चौदा जण भिंतीकडे तोंड करून बसले. उठवायला जाणारा मी, आणि पाठ फिरवून बसलेलाही मीच. टाळी कोण वाजवणार होतं?

लीवन


फ्लिसिंगन, ११ मार्च

नेल,

पत्र परत आलं नाही. म्हणजे एक तर वाचलंस, नाहीतर जाळलंस. मी वाचलंस असं धरून चाललोय.

तू स्मशानात म्हणालीस, "तुला पाठ फिरवून बसायची लहानपणापासूनची सवयच आहे." लोकांना काही कळलं नाही. मला कळलं. बाबा गोदीवरून दारू पिऊन आले की आपल्यातल्या एकाला निवडायचे. तो चामडी पट्टा, पितळी बकलाचा. आणि दुसऱ्याला म्हणायचे, "तोंड तिकडे!" मग दुसऱ्याने भिंतीकडे तोंड करून गुडघ्यावर बसायचं, संपेपर्यंत. माझी पाळी असली की तू वळायचीस, नेल. दर वेळी वळायचीस, आणि त्यापायी दुप्पट खायचीस. तुझ्या कानामागचा तो व्रण माझ्या पाळीचा आहे. आणि तुझी पाळी असली की मी भिंतीवरच्या कागदाची फुलं मोजायचो. एकदाही वळलो नाही. पुढे जपानी गुरूने तीच गोष्ट आदराची रीत म्हणून शिकवली तेव्हा मला किती हायसं वाटलं, ते मी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं.

आता तू तालमीत पाठवलेल्या कागदाचं.

त्या दिवशी मी तालमीत आलो तर फळ्यावर तुझ्या अक्षरातला कागद. 'शनिवारी संध्याकाळी, बंद पडलेलं हृदय कसं चालू करायचं. शिकवणार पीटरनेल. नावं खाली लिहा.' तुझं नाव पूर्ण लिहिलेलं. खाली बारा नावं. पहिलं क्राइनचं. मला न विचारता, माझ्या तालमीत! तू सहा वर्षं मागे लागली होतीस. "एक संध्याकाळ दे रे लीवन. तू लोकांना छातीवर मारायला शिकवतोस, मानेवर मारायला शिकवतोस, मग पुढचंही शिकव. तुझ्याइतकी गरज गावात कुणाला नाही." आणि दर वेळी मी जेवणाच्या टेबलावर सगळ्यांना हसवायचो, "आमचं काम पाडायचं. उठवायला तू आहेसच की!"

मी कागद टराटरा फाडला. क्राइन म्हणाला, "आईने पाठवलाय. यात काय चुकलं? पट्टे सगळ्यांकडे आहेत, आणि खरंच कोणी पडला तर काय करायचं ते एकालाही माहीत नाही. तुम्हालासुद्धा नाही."

पोरांसमोर बोलला. मी म्हटलं, "चल, उभा राहा."

ती लाथ स्वच्छ होती असं मी लिहिलं. नियमात होती हे खरं. पण सरावाची नव्हती. पूर्ण कमरेतून, पूर्ण रागाने मारलेली होती. टाच लागली तेव्हा मला बरं वाटलं, नेल. एक क्षण अगदी बरं वाटलं. बाबांनाही तसंच वाटत असणार.

भिंतीवर आमचं फेरीचं घड्याळ आहे, दर दोन मिनिटांनी घंटा देणारं. फेरीची घंटा वाजली, मी लाथ मारली आणि तो पडला. मग मी वळून बसलो. मागून घरघर ऐकू येत होती, म्हणून मी म्हटलं, श्वास चालू आहे, नाटकं करतोय. तानेके, ती बेकरीतली मुलगी, हळूच म्हणाली, "सेन्सेई, तो निळा पडलाय." तिने रीत मोडून मागे पाहिलं होतं. मी ओरडलो, "तोंड तिकडे!"

अगदी बाबांचा आवाज निघाला गं.

दुसरी घंटा मी भिंतीकडे तोंड करून ऐकली. मग वळलो. त्याला बसता केला, पाठीत गुडघा दिला, थोबाडीत मारल्या, बादलीभर पाणी ओतलं. जुने लोक करायचे ते सगळं. बेशुद्ध माणूस उठतो त्याने, मी शंभर जण उठवलेत. तो बेशुद्ध नव्हता, त्याचं हृदय थांबलं होतं, आणि मी मेलेल्या पोराला थोबाडीत मारत होतो. तिसरी घंटा वाजली तेव्हा तानेकेने मला खांद्याने धडक मारून बाजूला पाडलं आणि त्याच्या छातीवर हात ठेवले. कोणीतरी रुग्णवाहिकेला फोन लावला होता, त्यावरचा माणूस सांगेल तसं ती दाबत राहिली, रुग्णवाहिका येईपर्यंत. तिने हात ठेवले तोवरच चार मिनिटं गेली होती. ती दाबताना रडत होती. मी ओल्या मॅटवर बसून होतो.

कागदाचे तुकडे मी केराच्या डब्यातून काढले. चिकटवून सोबत पाठवतोय. बारा नावं आहेत, मोजून बघ.

लीवन


फ्लिसिंगन, ३० मार्च

नेल,

मी शिकायला गेलो होतो. मिडलबर्गच्या नगर सभागृहात, जिथे मला कोणी ओळखत नाही. नऊ म्हाताऱ्या बायका, एक निवृत्त पोस्टमन आणि मी. रबरी पुतळा जमिनीवर ठेवलेला. पाच-सहा सेंटिमीटर दाबायचं, मिनिटाला शंभरच्या वर, तीसदा दाबलं की दोन श्वास. पहिल्याच दाबात माझ्याकडून पुतळ्याच्या आतली स्प्रिंग तुटली. शेजारची म्हातारी, ऐंशीच्या घरातली, चष्म्यावरून बघून म्हणाली, "अहो, जगवायचंय त्याला, मारायचं नाहीये."

सगळ्या हसल्या. मीही हसलो, आणि मग मला थांबताच येईना, बाहेर जाऊन भिंतीला डोकं टेकून उभा राहिलो. ती बाई मागून आली, मला पाण्याचा ग्लास दिला आणि म्हणाली, "नवरा गेला माझा, स्वयंपाकघरात. मी त्याच्या तोंडावर ओला रुमाल फिरवत बसले. तुमचं कोण?" मी म्हटलं, भाचा. 

परत आत गेलो. शिकवणारा म्हणाला, ती घरघर म्हणजे श्वास नव्हे, हृदय थांबल्यावरचं शेवटचं तडफडणं असतं ते, फसू नका. म्हणाला, दर मिनिटाला जगण्याची शक्यता दहाव्या हिश्शाने कमी होते. बरगड्या मोडतील, मोडू द्या, मोडलेल्या जुळतात. हे ऐकून मला शिव्या द्याव्याशा वाटल्या. बरगड्या मोडायला अख्ख्या झीलंड प्रांतात माझ्याइतका तयार माणूस नव्हता. हात होते, ताकद होती, पंधरा माणसं होती. रस्त्यापलीकडे चिप्सच्या दुकानाच्या भिंतीवर थांबलेल्या हृदयाला झटका देणारं ते हिरव्या पेटीतलं मशीन आहे. काल मी दारापासून धावत जाऊन पाहिलं. बासष्ट पावलं आहेत. मी एकावन्न वर्षांचा, गुडघा दुखतोय, तरी वीस सेकंदांत पोचलो. सात वर्षं मी त्या पेटीखाली उभा राहून चिप्स खाल्ल्यात.

शेवटी परीक्षा होती. पुतळ्याजवळ गुडघ्यावर बसायचं आणि आधी खांदे हलवून मोठ्याने हाक मारायची. उत्तर आलं नाही तरच पुढे. माझी पाळी आली. माझ्या तोंडून हाकच निघेना. शिकवणारा म्हणाला, "कोणतंही नाव घ्या हो." मी उठून निघून आलो. प्रमाणपत्र मिळालं नाही.

का निघेना, ते लिहायला बसलो होतो. आज जमत नाही.

लीवन


फ्लिसिंगन, ३ एप्रिल

नेल,

लिहितो. हे वाचून तू माझं तोंड पुन्हा पाहणार नाहीस हे धरून लिहितो.

तालमीत नात्याने हाक मारायची नाही हा माझा नियम. क्राइन तेरा वर्षांचा आला तेव्हा पहिल्याच दिवशी "मामा" म्हणाला, मी त्याला वीस जोर काढायला लावले. सगळे हसले. मग तो खेळच झाला, मुद्दाम म्हणायचा आणि दात काढत जोर मारायचा. मोठा झाल्यावर बंद केलं. तालमीत सेन्सेई, बाहेर दारात बूट घालताना मामा. "चल मामा, बोलुस खाऊ." त्या गोड पावाच्या पाकात हात चिकट करून माझ्या गाडीचं दार उघडायचा.

तू विचारलंस, शेवटी काही बोलला का. दोनदा विचारलंस. मी दोन्ही वेळा नाही म्हटलं, आणि पत्रात तिसऱ्यांदा लिहिलं.

बोलला. लाथ बसल्यावर तो लगेच पडला नाही. दोन पावलं मागे गेला, गुडघ्यावर आला. मी तोवर वळलो होतो. आणि माझ्या पाठीमागून तो म्हणाला, "मामा."

ओरडला नाही. दार उघडताना म्हणतात तसं, साधंच. मग अंग मॅटवर आपटल्याचा आवाज आला.

मी ऐकलं. मला वाटलं, पोरांसमोर माझी थट्टा करतोय. मी मनात म्हटलं, ऊठ, मग वीस काढायला लावतो. नेल, मी भिंतीकडे बघत मनात वीस म्हटलं.

वळलो असतो तर तो वाचला असता का, मला माहीत नाही. तुला माहीत असेल, तो तुझा धंदा आहे. मला एवढंच माहीत आहे की त्याने मला हाक मारली होती.

लीवन


फ्लिसिंगन, १८ एप्रिल

नेल,

तुझं कार्ड आलं तेव्हा मी ते दहा वेळा उलटसुलट करून पाहिलं. 'मंगळवार, सात वाजता. मॅट पुसून ठेव.' मी दोनदा पुसल्या.

काल काय झालं ते तुला माहीतच आहे, तू तिथे होतीस. तरी लिहितो, कारण ते संपताच तू शेवटची बोट पकडलीस, आणि मला ते कुणाला तरी सांगायचंय.

तू सायकलला पुतळ्यांची पिशवी बांधून आलीस. बूट काढून आत आलीस, मॅटला वाकून नमस्कार केला नाहीस, आणि तो चिकटवलेला कागद फळ्यावर लावलास. एकोणीस जण आले होते. मारिनुस नाकावर पट्टी लावून पहिल्या रांगेत. तानेकेला तू जवळ घेतलंस आणि बराच वेळ सोडलं नाहीस. मग सगळ्यांना म्हणालीस, "इथे कोणी पडलं की आजपासून सगळ्यांनी त्याच्याकडे बघायचं. लाज गेली तर जाऊ दे. कळलं?" सगळे तालमीतल्या होकाराच्या रीतीने "ओस" म्हणून ओरडले.

तू म्हणालीस, "नुसतं हो म्हणा." आणि ते हो म्हणाले.

मग माझ्याकडे न बघता बोट दाखवलंस. "तू. इकडे."

मी पुतळ्याजवळ बसलो. तू भिंतीवरचं घड्याळ चालू केलंस, घंटा वाजली. "दाब." मी दाबायला लागलो. तू मोजत होतीस. "हळू नको. मारताना एवढा जपून मारत नाहीस." पोरं दचकली. मी जोर वाढवला. मग तू माझ्याकडे पाठ केलीस, गुडघे मोडलेस, आणि भिंतीकडे तोंड करून बसलीस. तशीच मोजत राहिलीस. तुला ती बैठक कुणी शिकवायची गरजच नव्हती.

पहिल्या मिनिटात काही वाटलं नाही. दुसऱ्यात मनगटं भरून आली. घंटा वाजली तेव्हा मला वाटलं सुटलो. तू म्हणालीस, "इथे तू वळलास. पुढे." घाम पुतळ्याच्या तोंडावर टपकत होता. तानेके मदतीला पुढे आली, तू मागे न बघता म्हणालीस, "त्याला करू दे." तिसऱ्या मिनिटाला माझा खांदा जुन्या जागी निखळतोय असं वाटलं. मी हात सोडले नाहीत. तू तीस म्हणायचीस, मी दोन श्वास द्यायचो, तू पुन्हा एकपासून. चार मिनिटं एवढी मोठी असतात हे मला माहीत नव्हतं. त्यात माणसाचं अख्खं आयुष्य जगून होतं.

तिसरी घंटा वाजली. तुझं मोजणं थांबलं. तू उठली नाहीस, वळली नाहीस. सगळे आपल्या दोघांकडे बघत होते. टाळी वाजवणारं कोणी नव्हतं. तुझ्या कानामागचा तो व्रण मला समोर दिसत होता.

मी हाक मारली. त्या दिवशी सभागृहात निघाली नव्हती, ती काल निघाली. "नेल."

आणि तू वळलीस.

लीवन